लिंडावरची सुट्टी

फोन आला तेव्हा इलेन दुकानाच्या ऑफिसात वडिलांच्या खुर्चीत बसून बाळाला पाजत होती. खुर्चीच्या हाताला विक्रीची पिवळी चिठ्ठी बांधली होती. तशीच टेबलाला होती, दिव्याला होती, कोपऱ्यातल्या छत्र्या ठेवायच्या डब्यालाही होती. मागे एक गिऱ्हाईक बाई किमती विचारत विचारत थेट ऑफिसात शिरली होती आणि बाळाच्या दुपट्याची चिठ्ठी शोधायला लागली होती.

फोन सिनेगॉगमधल्या रॅबायच्या, म्हणजे ज्यू धर्मगुरूंच्या बायकोचा, मिसेस ग्रोसमनचा होता.

"इलेन, तुझ्यामागे किती व्याप आहेत ते मला कळतंय गं. पण कुगल तू आणणार ना? उपास सोडायला शेवयांचं कुगल लिंडावरांच्याच घरचं लागतं. दुसऱ्या कुणी केलं की म्हातारे कुरकुरतात."

"आणते की. कधी आणू?"

"कधी म्हणजे? सोमवारी संध्याकाळी."

"कुठल्या सोमवारी?"

मिसेस ग्रोसमन जरा हळू आवाजात म्हणाली, "योम किप्पुर आहे ना बाळा. या सोमवारी."

इलेननं समोरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. या सोमवारभोवती निळ्या पेनानं मोठं गोल काढलेलं होतं. तिनंच काढलेलं. कोलंबस डे. शाळा बंद, बँका बंद, लोक मोकळे. वर्षानुवर्षं शरदातला सगळ्यात मोठा सेल याच दिवशी. दुकान मोडीत काढायला आलेल्या मिस्टर गार्बरनी जुलैत तिला विचारलं होतं, "शेवटचा दिवस कुठला धरू?" आणि रडणाऱ्या तान्ह्याला खांद्यावर थोपटत तिनंच सांगून टाकलं होतं, "कोलंबस डे धरा. त्या दिवशी गर्दी हमखास."

दुकानदाराच्या घरात वाढलेल्या मुलीलाच अशी चूक जमते. तिला आधी सेलची तारीख दिसते.

वडील हिंडतेफिरते असते तर हे झालं नसतं. जानेवारीत सिनेगॉगचं कॅलेंडर आलं की मिल्टन लिंडावर लाल पेन्सिलीला टोक काढायचे आणि दुकानाच्या कॅलेंडरवर एकाच दिवशी फुली मारायचे. यंदाच्या जानेवारीत ते हॉस्पिटलात होते, अर्धं अंग लुळं पडून. पेन्सिल त्यांच्या खणात तशीच पडली होती. खणालाही चिठ्ठी होती.

इलेनचे आजोबा सायमन लिंडावर पाठीवर गाठोडं घेऊन या ओहायोच्या खोऱ्यात आले, तेव्हा शेतकऱ्यांच्या बायकांना सुया, बटणं आणि फिती विकायचे. मग नदीकाठी एका खोलीचं दुकान झालं. शनिवारी शेतकरी गावात येत, म्हणून ज्यू धर्मातला शनिवारचा विसावा पहिल्याच वर्षी सोडून द्यावा लागला. ते त्यांना आयुष्यभर डाचलं. पण उपासाचा, माफी मागायचा वर्षातला तो एक दिवस मात्र त्यांनी कुणाला दिला नाही. पहिल्याच शरदात तो नेमका गावच्या जत्रेत आला. सायमनांनी खिडकीला पडदा ओढला, मोडक्यातोडक्या इंग्रजीत एक पाटी लिहून लावली, "आज आम्ही बंद. उद्या भेटू," आणि मागच्या खोलीत एकटेच प्रार्थना म्हणत बसले. बाहेर बायका दार हलवून गेल्या. दुसऱ्या दिवशी परत आल्या.

खोलीचे चार मजले झाले. जिल्ह्यातला पहिला सरकता जिना इथे बसला. त्यावर नुसतं वरखाली करायला लोक नटून येत. नाताळात वरच्या मजल्यावर सांताक्लॉज बसे, आणि त्यासाठी माणूस मिल्टन स्वतः निवडत. "दाढी खोटी चालेल," ते म्हणत, "पण पोट खरं पाहिजे." पोलादाच्या कारखान्यातली माणसं लग्नाचा सूट इथे घेत आणि बायका पोरांचे पहिले बूट. मग कारखान्याच्या भट्ट्या थंडावल्या, बायपासला मॉल झाला, आणि चार मजल्यांतले दिवे एकेक करून बंद होत गेले. पण त्या एका दिवशी पडदे मात्र दरवर्षी ओढले गेले. पाटी तीच, फक्त छापील अक्षरात.

बाळ पिता पिता झोपलं होतं. इलेननं त्याला बाबागाडीत ठेवलं आणि गाडी ढकलत ती वरच्या टी-रूममध्ये गेली.

टी-रूमच्या खुर्च्या केव्हाच विकल्या गेल्या होत्या. उरलेल्या एका टेबलाशी मिस्टर गार्बर कागदावर मीठ पसरून त्यात उकडलेलं अंडं बुडवत बसले होते. रोज दुपारी ते हेच खात.

"मिस्टर गार्बर, सोमवारी दुकान बंद ठेवायला हवं."

"ठेवायचंच आहे. संध्याकाळी सहाला. कायमचं."

"तसं नाही. दिवसभर. योम किप्पुर आहे."

गार्बरनी अंडं खाली ठेवलं. तेही ज्यूच होते, क्लीव्हलंडचे. पण गावोगावची दुकानं मोडता मोडता त्यांचे सणवार कुठेतरी मागे राहून गेले होते.

"ही तारीख तुम्ही दिलीत."

"मीच दिली. चुकले."

"जाहिरात गेली पेपरात. मंगळवारपासून सामान हलवायचं, गुरुवारी सकाळी किल्ल्या द्यायच्यात." त्यांनी बोटावरचं मीठ झटकलं. "बाईसाहेब, आयुष्यभर मी हेच काम करतोय. मालक माझ्याशी भांडतात ते आणखी एक दिवस उघडं ठेवू द्या म्हणून. बंद ठेवू द्या म्हणून भांडणाऱ्या तुम्ही पहिल्याच."

"मी भांडत नाहीये. भांडायला अंगात त्राण नाही माझ्या."

"मग तर सोपं आहे. सोडून द्या." ते थोडे नरमले. "आणि हेही बघा, शेवटच्या दिवसाचं कमिशन तुमच्या लोकांना दुप्पट आहे. मी मुद्दाम घातलंय करारात. ते बुडवणार का त्यांचं? तुम्ही फक्त त्यांना सांगा, सोमवारी या. माझं कोणी ऐकत नाही. मी काल नोटीस लावली, तर त्या कॉर्सेटवाल्या बाईंनी ती काढून माझ्या टेबलावर आणून ठेवली. म्हणे, तुमच्या हातून चुकून सोमवार लिहिलं गेलंय."

इलेनला हसू आलं, आणि त्याच्यामागोमाग रडूही. दोन्ही गिळून ती गाडी घेऊन लिफ्टकडे वळली. सांगायचं तर तिलाच सांगावं लागणार होतं. आणि तिनं सांगितलं तर सगळे येतील, नाही म्हणणार नाहीत, हे तिला पक्कं माहीत होतं. त्याचीच तिला भीती वाटत होती.

दुसऱ्या मजल्यावर मिसेस कोवालिक कॉर्सेटच्या जवळजवळ रिकाम्या कपाटासमोर स्टुलावर बसून पाय चोळत होत्या. इलेनची पहिली ब्रेसियर त्यांनीच मापून दिली होती, सगळ्या मजल्याला ऐकू जाईल अशा आवाजात.

"आण इकडे त्या महाराणीला," त्या गाडीत डोकावत म्हणाल्या. "डोळ्यांखाली काय गं हे तुझ्या? रात्रभर गिरणी चालवतेस का?"

"दर दोन तासांनी उठते ही."

"माझा धाकटा चार वर्षं उठत होता. आता मेला दुपारी बारापर्यंत झोपतो." त्यांनी बाळाच्या टोपीची गाठ सैल केली. "सोमवारी मी नातीला घेऊन चाललेय सफरचंदं तोडायला. दरवर्षी आपल्या सुट्टीला मी जाते ना. यंदा कॅलेंडरवर फुली नव्हती, तर मिसेस ग्रोसमनकडून तारीख विचारून घेतली. तुझ्या डॅडींसाठी पिशवीभर आणते. मऊ बघून आणीन, त्यांना चावता येतील अशी."

आपल्या सुट्टीला. इलेन लहानपणापासून हे ऐकत आली होती. गावात कुणी योम किप्पुर म्हणत नसे. लिंडावरची सुट्टी म्हणत. कॅथलिक पोरी त्या दिवशी साखरपुडे ठेवत, कुणी परसातली पानं जाळत. तिनं तोंड उघडलं, मिटलं, आणि म्हणाली, "मऊच आणा."

खाली शिवणखात्यात मिस्टर साबो आपली मोठी कात्री तेल लावून पुसत होते. तेवढी एकच वस्तू त्यांनी चिठ्ठी बांधू दिली नव्हती.

"सोमवारी दात काढायचाय," त्यांनी आपणहून सांगितलं. "दाढ. माझे सगळे दात तुमच्याच सुट्टीला गेलेत. तुम्ही उपास करता, मलाही त्या दिवशी खाता येत नाही. जमतं आपलं."

इलेन तिथूनही काही न बोलता निघाली. पार्किंगमध्ये गाडी सुरू न करता ती बराच वेळ स्टिअरिंगवर कपाळ टेकून बसली. मागे बाळ रडायला लागलं तेव्हा कुठे उठली.

मिल्टन लिंडावर घरी खालच्या खोलीत, खिडकीजवळच्या पलंगावर असत. इलेननं बाळाला त्यांच्या चालत्या हाताच्या कुशीत ठेवलं आणि पलंगाच्या कडेला बसली.

"जिवंत आहे का अजून?" त्यांनी विचारलं. दुकानाबद्दल ते रोज असंच विचारत. शब्द तोंडातून हळूहळू, घसरत येत.

"आहे, डॅड."

"मग तुझं तोंड असं का?"

तिनं सांगून टाकलं. फोन, निळं गोल, गार्बरचं अंडं, सफरचंदं, दाढ, सगळं. सांगताना तिनं त्यांच्याकडे पाहिलं नाही. दुपट्याच्या सुटलेल्या टाक्याशी बोटानं खेळत राहिली. "माझं लक्षच नव्हतं हो. तुम्ही एवढी वर्षं सांभाळलंत आणि मी शेवटी येऊन…"

मिल्टनच्या तोंडाची एक बाजू हसली.

"कोलंबस डे," ते म्हणाले. "गर्दी खरंच असते गं."

"डॅड."

"मग काय करू, रडू? बापाची मुलगी आहेस. मीसुद्धा तेच सांगितलं असतं." त्यांनी दम घेतला. "ऐक. आपण काय, नुसता उपास करतो. सुट्टी ते घेतात. एवढ्या वर्षांत ती त्यांची झाली. आता तू ती त्यांच्याकडे परत मागतेस, नाहीतर त्यांचं कमिशन कापतेस. दोन्ही त्यांचंच. मग त्यांनाच विचार की."

"विचारलं तर ते माझ्याकडे बघून ठरवतील."

"तर मग बघण्यासारखं तोंड करून जा. केस विंचर." आणि थोड्या वेळानं, "बाळ ओलं झालंय. मला कळतं. तेवढा हात चालतो माझा."

शनिवारी सकाळी दार उघडायच्या आधी इलेननं सगळ्यांना तळघरातल्या जेवणाच्या खोलीत बोलावलं. सगळे म्हणजे आता एका खोलीत मावतील एवढेच उरले होते. तिनं केस विंचरले होते, पण ब्लाउजच्या खांद्यावर बाळानं काढलेल्या दुधाचा डाग होता, तो तिला दिसला नव्हता. दाराशी गार्बर कॉफीचा कप घेऊन उभे होते.

तिनं सरळ सांगितलं. सोमवार आमच्या सणाचा आहे, हे मी तारीख देताना विसरले. जाहिरात शेवटचा दिवस सोमवार अशी गेली आहे. उघडलं तर तुम्हाला दुप्पट कमिशन. बंद ठेवलं तर ते नाही, आणि मग उद्याचा रविवार हाच शेवटचा दिवस. "मला काय वाटतं ते विचारू नका. मला धड कळतही नाही. तुम्ही सांगाल तसं."



"दुप्पट कमिशन," मिसेस कोवालिक म्हणाल्या. "कशावर? माझ्या कपाटात हत्तिणीला होतील अशा दोन कॉर्सेट उरल्यात आणि एक कुठल्याच मापात न बसणारी ब्रेसियर. त्यांचं दुप्पट मला कुठे ठेवू?"

हशा पिकला. साबो गालावर हात ठेवून म्हणाले, "डेंटिस्टनी माझी वेळ बांधून ठेवलीय. तो काही आता ऐकायचा नाही."

"माझं तसं नाही," बुटांच्या खात्यातला कर्टिस म्हणाला. तो वयानं सगळ्यांत लहान, आणि त्याच्या घरीही इलेनच्या बाळाएवढंच मूल होतं. त्यानं मान खाली घातली. इलेनला सासरच्या नावानं हाक मारणारा तो एकटाच. "राग मानू नका, मिसेस कॅप्लन. पण मला एका दिवसानंही फरक पडतो."

"राग कसला," इलेन म्हणाली. तिला वाटलं, झालं. या एका पोरासाठी उघडावं लागेल, आणि ते बरोबरही असेल.

"मंगळवारी," दाराशी गार्बर कपात बघत म्हणाले, "मला कपाटं आणि काउंटर ट्रकवर चढवायला माणसं लागणार आहेत. दोन दिवसांचं काम आहे. रोज चांगला देतो. तुझी पाठ मजबूत आहे का?"

कर्टिसनं वर पाहिलं. "आहे."

"मग माझ्याकडे नाव दे." ते इलेनकडे वळले. "कराराचं कलम मी तुमच्याविरुद्ध लावणार आहे, बाईसाहेब. तुमच्या हिश्शातून कापीन. ते माझं काम आहे."

"कापा," इलेन म्हणाली.

"मग मी सफरचंदांना जातेय," मिसेस कोवालिक उठत म्हणाल्या आणि जाता जाता हातरुमालाचं टोक थुंकीनं ओलं करून इलेनच्या खांद्यावरचा डाग पुसायला लागल्या. "आणि तू सणाच्या दिवशी तरी स्वच्छ कपडे घाल."

रविवारी पाचला शेवटचं गिऱ्हाईक बाहेर पडलं. त्याला बिचाऱ्याला माहीतच नव्हतं आपण शेवटचे आहोत. एक पक्कड घेतली आणि गेलं. साबोंनी दाराला आतून कडी घातली आणि तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आलं की पडदेच नाहीत. रस्त्याकडच्या खिडक्यांचे ते जाड करडे पडदे हायस्कूलनं नाटकाच्या स्टेजसाठी नेले होते.

"उघड्या खिडक्यांनी बंद ठेवायचं कसं?" मिसेस कोवालिक म्हणाल्या. "लोक नाक लावून बघत बसतील."

कर्टिस वर गेला आणि चादरींच्या खात्यात जे उरलं होतं ते हातभर उचलून घेऊन आला. सगळ्या पाळण्याच्या चादरी होत्या, पिवळ्या बदकांच्या. गावातली तरुण जोडपी कामासाठी दूर गेल्यापासून त्या कुणी नेल्याच नव्हत्या. साबोंनी टाचण्यांची डबी काढली. त्या एवढ्याशा चादरी एकीला एक जोडून खिडक्या झाकाव्या लागल्या. कर्टिस शिडीवर, बायका खालून चादरी देतायत, आणि तोंडात टाचण्या धरून साबो सगळ्यांवर ओरडतायत. शिडी धरून गार्बर उभे होते. त्यांना कुणी धरायला सांगितली नव्हती.

"सूर्यास्त कितीला आहे?" त्यांनी मध्येच विचारलं.

"सातच्या आत. उपास तेव्हापासूनच," इलेन म्हणाली. "तुम्ही उपास करता?"

"नाही. हॉटेलात टीव्ही आहे." थोडं थांबून ते म्हणाले, "सहज विचारलं."

पाटी वडिलांच्या खणात सापडली. "आज आम्ही बंद. उद्या भेटू." इलेन ती हातात घेऊन खिडकीशी उभी राहिली. लावायला हात होईना.

साबोंनी तिच्या हातातून पाटी घेतली, मोठी कात्री उघडली आणि खालची ओळ सरळ रेषेत कापून टाकली. वरची ओळ तिला दिली. खालची पट्टी त्यांनी टाकून दिली नाही. कोटाच्या खिशात सरकवली.

सोमवारी दुपारी, सिनेगॉगच्या दोन प्रार्थनांच्या मधल्या वेळात, मिल्टन म्हणाले, "मला दाखव." इलेननं त्यांना कसंबसं गाडीत बसवलं आणि दुकानासमोर, रस्त्याच्या पलीकडे गाडी थांबवली. स्वतः मागच्या सीटवर बाळाला घेऊन बसली. तिनं सकाळी दूध-टोस्ट खाल्लं होतं. अंगावर पिणारं मूल असताना तिच्यानं उपास झाला नसता. तरी चोरून खाल्ल्यासारखं तिला दिवसभर वाटत होतं.

चारही खिडक्यांतून पिवळी बदकं रस्त्याकडे बघत होती.

"हे काय?" मिल्टननी विचारलं.

"पडदे."

त्यांनी खूप वेळ पाहिलं. "माझ्या बापाला आवडले असते," ते म्हणाले. "विकले न गेलेले. कुठेतरी कामी आले."

जाहिरात वाचून लोक येत होते. दार हलवत, पाटी वाचत, काही कुरकुरत जात, काही कपाळावर हात मारून. एक पोक्त माणूस दारापाशी येऊन टोपी काढून उभा राहिला आणि नंतर टोपी घालून निघून गेला.

मग एक तरुण बाई आली, कडेवर एक मूल आणि हाताशी एक मुलगी. तिनं दार हलवलं. मुलगी बदकांना बोट लावून काचेशी उभी राहिली. बाईनं पाटी वाचली. गाडीची काच खाली होती, तिचं बोलणं ऐकू आलं.

"अगं हो. आज त्यांचा तो दिवस असतो, नाही का."

"मग माझे बूट?" मुलगी म्हणाली.

"उद्या येऊ. चल."

ती पोरीला ओढत रस्त्याच्या टोकाशी वळली. इलेन काच वर करायला गेली, पण तिचा हात तसाच राहिला.

"काय म्हणाली ती?" मिल्टननी विचारलं. त्या बाजूच्या कानानं त्यांना आता नीट ऐकू येत नसे.

"उद्या येते म्हणाली."

त्यांनी मान हलवली. "येतात," ते म्हणाले. "दरवर्षी येतात."

बाळानं पिणं थांबवलं होतं. इलेननं त्याला खांद्यावर घेतलं आणि ढेकर येईपर्यंत पाठीवरून हात फिरवत राहिली. घाई नव्हती. दुसरी प्रार्थना सुरू व्हायला अजून वेळ होता.